पेंचोच्या नावाने आलेली हाक

राडको नेयचेव त्र्याहत्तराव्या वर्षी चेरीच्या झाडावरून पडला, आणि तेही चेरी काढताना नव्हे, अँटेनाची तार बांधताना. बायको त्सोन्का म्हणाली, "चेरीसाठी पडला असतास तर निदान मुरंबा तरी झाला असता." पाय मांडीपर्यंत प्लास्टरात गेला. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदाच नोव्हेंबरच्या स्पर्धेला गावच्या हौशी रेडिओ क्लबच्या टेबलाशी राडको नव्हता.

स्पर्धा शनिवारी दुपारी दोनला सुरू झाली. चोवीस तास, फक्त मोर्स. जितक्या स्टेशनांशी बोलणं होईल तितके गुण. प्रत्येकाने आपली खूण, म्हणजे कॉलसाइन सांगायची, एक आकडा द्यायचा, पुढे जायचं. राडको स्वयंपाकघरात कानाला हेडफोन लावून, पुढ्यात घेवड्याचं सूप घेऊन बसला. बोलायचं नव्हतं, नुसतं ऐकायचं होतं. आपला क्लब जोरात चालला होता. म्हातारा खूश झाला.

आणि मग क्लबला पेंचोने हाक मारली.

त्याचा जुना मित्र पेंचो एप्रिलमध्ये वारला होता. त्याच्या शवपेटीला राडकोने खांदा दिला होता. क्षणभर त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. पण पेंचोचा मोर्सचा हात त्याला पाठ होता: शेवटची रेघ तो जुनी चप्पल ओढल्यासारखी लांबवायचा. ही रेघ छाटून काढल्यासारखी सरळ होती. कोणीतरी कळफलक बडवत होतं. आकडा दिला, क्लबला गुण मिळाला, संपलं. चार मिनिटांनी दुसरी हाक आली. या वेळी खूण खुद्द राडकोची होती.

राडकोने आपल्या हातांकडे पाहिलं. एका हातात चमचा होता, दुसऱ्यात पाव.

"त्सोन्का, मी बोलतोय."

"बोल की."

"इथे नाही गं. तिथे, क्लबशी."

"सूप पी आधी. गार होतंय."

राडकोने सुपाची वाटी दूर सारली. त्याला या लबाडीची शिसारी आली होती.

राडको काही साधुसंत नव्हता. शेजाऱ्याची प्लम तो खुशाल तोडायचा, आणि राकिया किती प्यायली हे बायकोला कधी खरं सांगायचा नाही. पण तीस वर्षं रेल्वेच्या तारखात्यात काढल्यावर एक गोष्ट त्याच्या हाडीमाशी मुरली होती: तारेवर खोटं बोलायचं नाही. एकदा एका गुणाने क्लबचा दुसरा नंबर हुकला तो यानेच हुकवला होता, कारण ऐकलेल्या आकड्याबद्दल शंका वाटली म्हणून एक नोंद याने आपल्या हाताने खोडली. गावाने त्याला वर्षभर येड्यात काढलं. तेव्हापासून स्पर्धेत कुणाकुणाशी बोलणं झालं त्या क्लबच्या याद्यांखाली 'सर्व नियमाप्रमाणे' म्हणून सही करायचं काम त्याच्याकडे होतं. दुसऱ्याने लिहिलेली नोंद तपासणं हा त्या माणसाचा अपमान, असं मानणारा तो. म्हणून बारा वर्षं न वाचताच सह्या करत आला होता.

सोमवारी तो कुबड्या घेऊन क्लबवर गेला. दारावर पेंचोला जाऊन सहा महिने झाल्याचा श्रद्धांजलीचा कागद डकवलेला होता, फोटोसकट. खाली छापलं होतं, 'आम्ही तुला विसरलो नाही.' ते खरंच विसरले नव्हते.

आत क्लबचा अध्यक्ष इस्क्रेन आणि आणखी दोघं बानित्सा, म्हणजे चीज-अंड्यांची थरांची पोळी, खात बसले होते. इस्क्रेन चाळिशीचा, हसतमुख, नेहमी स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालणारा.

"या या, राडकोकाका! बसा. यंदा कप आपलाच. फक्त तुमची सही राहिलीय."

"मी किती चांगला बोललो शनिवारी?"

दोघांनी माना खाली घातल्या. इस्क्रेन हसला.

"अहो, एक आठवण म्हणून केलं. तुम्ही आजारी, मग तुमची उणीव कोण भरून काढणार?"

"आणि पेंचोची उणीव?"

"सगळे क्लब करतात, राडकोकाका. मेलेल्याचं काय जातं? एवढं मनाला लावून घेऊ नका."

राडकोने यादी ओढून घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदाच वाचली. अकरा मेलेले मोजले त्याने. त्यात त्याला मोर्स शिकवणारे मास्तरही होते, जे जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोल्हे बरे रे तुमच्यापेक्षा! ते निदान भूक लागल्यावर थडगं उकरतात. मी परीक्षकांना लिहिणार."

इस्क्रेनचं हसू गेलं. "लिहा. पण नियम माहितीय ना? खोट्या यादीत सापडलेली प्रत्येक खूण लबाडांच्या यादीत छापतात. पेंचोचीही छापतील. बघा, मित्राचं नाव घाण करायचं असेल तर खुशाल लिहा."

 हरामखोराने बरोबर वर्मावर बोट ठेवलं होतं. जाता जाता राडकोने विचारलं, "बानित्सा कुणी केली?"

"येलेनावहिनींनी," तिघांतला एक पुटपुटला.

येलेना म्हणजे पेंचोची बायको. राडको तसाच कुबड्या टेकत तिच्या घरी गेला. ती अंगणात मिरच्यांच्या माळा उतरवत होती.

"इस्क्रेन म्हणाला, स्पर्धेत पेंचोचं नाव घेतात," ती म्हणाली. "म्हटलं, पोरं आठवण ठेवतात. बानित्सा पाठवली. का रे? बिघडली होती का?"

राडकोने सगळं सांगितलं. लबाडांच्या यादीचंही सांगितलं, आडपडदा न ठेवता. "तू नको म्हणालीस तर नाही लिहीत. तोंड शिवून बसेन."

येलेनाने हातातली मिरच्यांची माळ खाली टाकली. मग एकदम उसळली, "सहा अंडी घातली होती मी त्यात! घरची! मेल्यांनी माझ्या नवऱ्याला राबवलं आणि वर माझ्याच हातचं खाल्लं? लिही तू. यादी वाचतंय कोण?"

त्याने लिहिलं. नुसतं यंदाचंच नाही, मागची बारा वर्षंही लिहिली, आणि आपण न वाचता सही केली हेही. त्या एका ओळीला त्याला पूर्ण दुपार लागली. स्वतःचीही त्याला तेवढीच किळस येत होती. क्लबने त्याला काढून टाकलं. बेकरीत लोक पाठ फिरवू लागले, फितूर म्हणू लागले. त्सोन्का आपणहून दुसऱ्या बेकरीत जाऊ लागली.

फेब्रुवारीत निकाल आला. क्लब बाद. खाली लबाडांच्या यादीत बारा खुणा, दोन वर्षांची बंदी. राडकोचीही होती. पाय मोडल्याचा दाखला पाठव, म्हणजे तुझी खूण वगळतील, असं त्सोन्का म्हणाली, पण त्याने पाठवला नाही. बारा वर्षांच्या सह्यांना दोन वर्षं स्वस्तच पडली, म्हणाला.

येलेना त्याच संध्याकाळी आली, चष्मा घेऊन. "दाखव."

राडकोने कागद पुढे केला. बोट ठेवायची गरज पडली नाही. नवऱ्याची खूण तिला पाठ होती, पत्रांवर, पाकिटांवर, गाडीच्या काचेवर चाळीस वर्षं पाहिलेली. ती तिने दोनदा वाचली आणि कागदाची घडी घातली.

"जिवंत होता तोवर त्याने एकदाही फसवलं नाही, राडको," ती म्हणाली. "फसवायला त्याला मरावं लागलं."