हौसाच्या गालातली गाठ

किन्हवलीच्या हौसाला अडाण्यांचा राग नव्हता. ती स्वतःच अंगठाबहाद्दर. राग होता दीडशहाण्यांचा, आणि त्यांत पहिला नंबर तिच्या दिराचा, कमळाकरचा. भातसानगरला धरणाच्या कचेरीत तीस वर्षं फायली उचलल्या, तेवढ्यावर हा गावाचा वैद्य, वकील, सगळं काही झालेला!

होळीच्या सुमारास मशेरी लावताना हौसाच्या बोटाला गालात आतून चिंचोक्याएवढी गाठ लागली. सून अक्षदा म्हणाली, शहापूरला सुई घालून थेंबभर ओढतात न् काचेवर तपासतात. कमळाकरने ते हाणून पाडलं. "सुई लागली का गाठ चवताळते, वयनी. धाऊ कसा गेला, इसरलाव?"

गावातला धाऊ गेला तो लिंबाएवढी गाठ वर्षभर लपवल्यामुळे; सुई लागली ती अगदी शेवटी. कमळाकरने खापर सुईवर फोडलं आणि गावाने मान डोलावली. कोणाच्या बापाला न भिणारी हौसाही सुईला भ्याली, गाठीवर हळद चोपडत बसली.

गणपतीत भाकर चावेना, तेव्हा अक्षदाने तिला ओढतच शहापूरला नेलं. दवाखान्याच्या बाकावर तोंडाला रुमाल लावून कमळाकर! "दाढ दुखते," तो पुटपुटला. तेवढ्यात नर्सने हाक मारली, "कमळाकर, गेल्या दिवाळीत सुईने तपासून गाठ काढली ना तुमची? या, जागा दाखवा."

असल्या माणसावर थुंकावं म्हटलं, तर हौसाचंच तोंड दुखत होतं.

सुई मुंगी चावल्याएवढी लागली. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय! आठवड्याने उत्तर आलं, कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, होळीला आला असतात तर नुसत्या गाठीवर भागलं असतं. आता जबड्याचं हाड काढावं लागेल.

ती परतली तेव्हा एसटीच्या थांब्यावर कमळाकर शेजारच्या बारकीला सांगत होता, "तोंडातल्या चट्ट्याला सुई नको लावू."

"भावजी, आ करा," हौसा म्हणाली. "तुमची गाठ कुठनं काढली ती बारकीला बघू दे."

कमळाकरचा चेहरा पडला. "धाऊच्या वक्ताला 'सुईनं गेला' असं मीच बोल्लो होतो, वयनी. मग माझंच कसं सांगू?"

"म्हंजी तुमचा शब्द ऱ्हायला, न् माझा जबडा चालला."

बारकीने त्याच्याकडे पाठ फिरवली. "शहापूरची पयली गाडी कती वाजता गो, हौसा?"