तेलीबागेतल्या शनवार तेली

शनिवारी रिबेका पेणकर बाई खडूला हात लावत नसत. त्या दिवशी सगळं तोंडी शिकवायच्या आणि फळ्यावर लिहायचं काम एखाद्या मुलीकडे द्यायच्या. लखनौच्या त्या शाळेत आम्ही दोघीच मराठी शिक्षिका. बाकीच्यांची ठाम समजूत, की बाई शनीचं व्रत करतात. तेलीबागेतल्या त्यांच्या शेजारणीने तर सरसोंच्या तेलाची बाटलीच आणून दिली. "बहनजी, हमारी तरफ से भी चढ़ा दीजिएगा."

"अहो, शनवार तेल्याच्या घरी तेल!" मला सांगताना बाई हसून बेजार झाल्या. त्या ज्यू. शनिवार त्यांचा विश्रांतीचा, त्या दिवशी लिहायचंही नाही. त्यांची माणसं कोकणात तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी ते बंद ठेवायची, म्हणून हे नाव पडलेलं. शेजारणीला त्यांनी सगळं समजावलं आणि रविवारी त्याच तेलात भजी तळून तिला खाऊ घातली.

अशा बाईंना मुलं पाठीमागे म्हणायची 'हिटलर मैम'. का, तर त्यांना गृहपाठ चुकवलेला चालत नसे. मला हे कळलं ते आमच्याच घरी. बाई स्वयंपाकघरात माझ्याशी बोलत होत्या आणि नववीतली माझी ऋचा दारातूनच ओरडली, "मम्मी, हिटलर मैम ने फिर टेस्ट ले लिया यार!" धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं.

बाई रागावल्या नाहीत. तिला जवळ बसवून म्हणाल्या, "हिटलर मतलब क्या, बेटा?"

"जो बहुत स्ट्रिक्ट हो."

"अच्छा. मग आता ऐक."

साठ लाख ज्यू कसे मारले, त्यात तिच्याएवढ्या मुलीही कशा होत्या, हे बाईंनी आवाज न चढवता सांगितलं. ऋचा रडवेली झाली. "मैम, आपका कोई था वहाँ?"

"नात्यातलं कुणी नाही. कोकणात आमच्या केसालाही कधी धक्का लागला नाही. म्हणून तर सांगायचं काम आमच्याकडे आलं."

पुढे दर वर्षी नववीच्या इतिहासात हिटलरचा धडा आला, की बाई स्वतःच विचारायच्या, "पीठ पीछे मुझे क्या बुलाते हो?" आणि मुलं खाली बघायला लागली, की तिथूनच सुरुवात करायच्या.

निवृत्तीनंतर बाई ठाण्याला गेल्या आणि गेल्या महिन्यात वारल्या. ते सांगायला मी ऋचाला पुण्याला फोन केला. ती म्हणाली, की तिच्या होस्टेलच्या वॉर्डनला मुली हिटलर म्हणत होत्या, तेव्हा तिने त्यांना अडवलं. एकीने विचारलं, "तेरा कोई था क्या वहाँ?"

ऋचाने स्वतः बाईंना विचारलेलाच हा प्रश्न. "मग तू काय म्हणालीस?"

"मैंने कहा, मेरी मैम के थे, साठ के साठ लाख. फिर सबको बिठाया और शुरू से बताया."