तेल्हाऱ्याला पाठवलेली मळी

आमच्या बैलजोडीतला एक बैल मेला आणि पांढरा एकटा उरला. पेरणी केव्हाच ट्रॅक्टरवर गेली होती. एकट्या म्हाताऱ्या बैलाचं शेण काढायचं मलाच, चारा-कुटार टाकायचं मलाच. माझे मालक अमरावतीला नोकरीवर. मामाजी, म्हणजे माझे सासरे, नुसते त्याच्याजवळ बसून त्याची मान खाजवायचे. मला त्या दोघांचाही राग यायचा, खोटं कशाला बोलू?

गावात आलेल्या व्यापाऱ्याला मी मामाजींच्या पाठीमागे बैल दाखवला. तो म्हणाला, "हाडकं दिसून राहिले वहिनी. अंगावर मांस चढवा, पोळा झाला की नेतो." बैलाचे दात, खूर, चाल, काही म्हणून त्यानं पाहिलं नाही. त्याला नेऊन काय करणार, हे मी विचारलं नाही. न विचारण्यातच माझी सोय होती.

माझा भाऊ साखर कारखान्यांच्या मुलखात ट्रक चालवतो. त्यानं मळीचा डबा आणून दिला; साखर काढून घेतल्यावर उरणारा काळा, चिकट पाक. रसवंतीवाल्याकडची वाळलेली चिपाडं मी बारीक करून घेतली, ती सोयाबीनच्या कुटारात मिसळली आणि वर मळीचं पाणी शिंपडलं. पहिल्या दिवशी पांढऱ्यानं नुसतं हुंगलं. आठवड्याभरात माझ्या पायांच्या आवाजानं तो उभा राहायला लागला. पोळ्यापर्यंत त्याच्या बरगड्या बुजल्या, कातडी चमकायला लागली.

मामाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "माह्या सुनेनं बैलाले लेकरासारकं जपलं." खाई त्याला खवखवे, त्यांनी कौतुक केलं की मी कामाचं निमित्त काढून घरात जायची.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-लोण्यानं शेकतात आणि त्याला जेवणाचं आमंत्रण देतात. हा मान घरच्या कर्त्या माणसाचा. मामाजींनी हळद-लोण्याची वाटी माझ्या हातात दिली. म्हणाले, "यंदा तू म्हण. तूच खाऊ घातलं त्याले."

मी खांदा चोळला आणि म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैल माझा हात चाटत होता. तेव्हाच मामाजींना सगळं सांगायला हवं होतं. मी वाटी उचलून घरात गेले.

पोळ्यानंतर मामाजी डोळे तपासायला अमरावतीला लेकाकडे गेले. त्याच दिवशी व्यापारी बैल घेऊन गेला. ते परतल्यावर मी सांगितलं, "तेल्हाऱ्याच्या एका शेतकऱ्यानं नेला. त्याच्याकडेही एकच बैल आहे, जोड लागेल."

मामाजी गोठ्यात जाऊन आले. त्या दिवशी जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशी नुसता चहा घेतला. तिसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या मळीचा डबा घेऊन माझ्यासमोर उभे.

"हे नेऊन दे तेल्हाऱ्याले. त्या मानसाले मालूम नसन. मळीबिगर तोंड लावत नाही तो आता. उपाशी राहीन तो."

"आणखी दोन दिवसांनी जाते."

"दोन दिवस उपाशी ठेवतं का त्याले?"

मी डबा घेऊन बसमध्ये बसले आणि वाटेतच दर्यापूरला उतरले. बसस्टँडच्या मागच्या नालीत डबा उपडा केला. मळी लवकर पडत नाही. ती संपेपर्यंत मी तशीच वाकून उभी होते, आणि मला माझीच किळस येत होती. मग संध्याकाळच्या बसपर्यंत बाकावर बसून राहिले, लवकर परतले असते तर खोटं पकडलं गेलं असतं.

मामाजी दारातच होते. "खाल्लं का त्यानं?"

"खाल्लं," मी म्हटलं. "टोपलं चाटून खाल्लं."

त्या रात्री मामाजींनी भाकर मागून घेतली आणि पोटभर जेवले.