उलटा नवस

आपला मुलगा नापास व्हावा म्हणून दुर्गाबाईंनी नवस बोलला होता. असा नवस बोलणारी आई रहाटणीत दुसरी नसेल, आणि असली तरी ती कुणाला सांगायची नाही. दुर्गाबाईंनीही सांगितलं नव्हतं. गावाकडच्या येडाई देवीला मनातल्या मनात साडीचोळी कबूल केली होती, बस्स.

मुलगा सुजित. इंजिनिअर झाला, चाकणच्या कुठल्याही कंपनीत चिकटला असता, पण साहेबांना विमान उडवायचं होतं. परीक्षा दिली, निवड झाली आणि हैदराबादकडे हवाई दलाच्या प्रशिक्षणाला गेला. वडील रंगराव प्रेस शॉपमध्ये मशीनवर. त्यांनी दुसऱ्याच दिवशी चौकात फ्लेक्स लावला. आमच्या भागात दहीहंडीपासून बारशापर्यंत कशाचाही फ्लेक्स लागतो, त्यामुळे त्याचं नवल नव्हतं. पण त्यावर सुजितच्या फोटोमागे लढाऊ विमान आणि त्याखाली ज्वाळा होत्या. पोरगं तेव्हा अजून शिकाऊ विमानातसुद्धा बसलं नव्हतं.

ज्वाळा पाहिल्या आणि दुर्गाबाईंची भूक उडाली, ती उडालीच. चाकणला एका कंपनीत त्या गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर उभ्या असायच्या. बाजूच्या बायका म्हणायच्या, "तुमचं काय बाई, नशीब काढलं लेकानं." त्या हसून मान डोलवायच्या आणि वरून विमान गेलं की हातातली वायर तशीच राहायची.

मे महिन्यात सुजित रजेवर आला. वाळला होता, मानेवर उन्हाचा पट्टा पडला होता. पहाटेची दौड, डोळ्यांवर पट्टी बांधून विमानातली बटणं हातानं शोधायची परीक्षा, चूक झाली की सामानाची पिशवी डोक्यावर धरून पळायचं, हे सगळं तो हसत हसत सांगायचा. न हसता सांगितलं ते फक्त बहिणीला, पिंकीला. गॅलरीत दोघं बोलत होते आणि आत दुर्गाबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"स्पिन जमत नाही गं. विमान मुद्दाम गरगर फिरत खाली पाडायचं आणि सावरायचं. दोनदा नापास झालोय. आता एकदा झालो की उडवणं बंद. जमिनीवरचं काम देतील."

"पप्पांना सांगितलंस?"

"फ्लेक्स बघितलास ना चौकातला? कसं सांगू?"

दुर्गाबाईंच्या हातातली घडी गळून पडली, ती आनंदानं. जमिनीवरचं काम! नोकरीही राहील, लेकही राहील. नवस बोलला गेला तो त्याच वेळी. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी त्यांना भूक लागली.

आणि मग लढाई सुरू झाली. टीव्हीवर सीमेवरचे स्फोट दिसू लागले, शहरात हवाई हल्ल्याच्या भोंग्याची कवायत झाली. कंपनीच्या बसमध्ये पुरुषमंडळी "आता सोडायचं नाही राव" म्हणून मांड्या थोपटत होती. थोपटायला काय जातंय, त्यांची पोरं घरी मोबाइल बघत होती. संध्याकाळी सुजितच्या फोनवर निरोप आला की रजा रद्द, ताबडतोब हजर व्हा. गाडीचं तिकीट दुसऱ्या रात्रीचं मिळालं.

सकाळी दुर्गाबाई डबा बांधून शिफ्टला निघाल्या, तर हॉलमध्ये सुजित प्लास्टिकच्या खुर्चीवर डोळे मिटून बसलेला. दोन्ही गुडघ्यांमध्ये लाटणं उभं धरलेलं, पाय जमिनीवर पुढंमागं. समोर पिंकी हुकूम सोडत होती.

"काय करलालास रे?"

"सराव, आई. आम्ही सगळे असंच करतो. विमानात बसायच्या आधी खुर्चीत उडवायचं."

दुर्गाबाईंना हसू आलं. एवढा बाप्या, आणि लाटणं घेऊन घर-घर खेळतोय. तेवढ्यात पिंकी ओरडली, "स्पिन! डावीकडे!"

सुजित थिजला. लाटणं पोटाशी आवळलं गेलं. कपाळावर घाम, ओठ पांढरे, पाय कुठलाच हलेना. पिंकीनं खांदा धरून हलवलं तेव्हा त्यानं डोळे उघडले. दुर्गाबाईंचं हसू कुठल्या कुठं गेलं.

"तिथंबी असंच होतं?" त्यांनी विचारलं.

"हो. कळतं सगळं, पण हातपाय चालत नाहीत."

"मग?"

"मागच्या सीटवर सर असतात. ते सावरतात."

"दर वेळी सावरतात?"

"उंची उरली तर." तो खाली बघत म्हणाला.

"पण तू नापास झालास की सुटलास ना? परत कशाला बसवतील?"

"नापास व्हायला आधी वर जावं लागतं, आई."

आपण काय मागितलं होतं, ते दुर्गाबाईंना आत्ता कळलं. पोरगं कागदावर नापास होईल असं त्यांनी धरलं होतं. ते तर आभाळात व्हायचं होतं, गरगरत, असं घाम फुटलेलं आणि थिजलेलं. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन देव्हाऱ्यापुढे डोकं टेकलं. "येडाई, माझं मागणं परत घे गं बाई. मी येडी, मला कळलं न्हाई." डबा ओट्यावर ठेवला, बाहेर आल्या आणि पदर खोचला. कंपनीची बस गेली ती गेली.

"काय काय करायचं असतं, मला सांग."

त्यानं सांगितलं. इंजिनाचा जोर कमी. ज्या बाजूला फिरतंय त्याच्या उलटा पाय पूर्ण दाबायचा. दांडी पुढं. फिरणं थांबलं की पाय सरळ, मग सावकाश वर. दुर्गाबाईंनी ते चार वेळा म्हणून घेतलं. लाइनवर नवी पोरगी आली की तिच्याकडून वायरींचे रंग असेच मोठ्यानं म्हणून घेतात, हाताला वळण लागेपर्यंत. मग त्यांनी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि पोरासकट गदागदा हलवली.

"फिरलं! कुणीकडं?"

"डावीकडं..."

"मग पाय कुठला? बोल! दाब!"

तो परत थिजला. त्यांनी परत हलवली. कितीदा, कोण मोजतंय. खालच्या मजल्यावरच्या बाई विचारून गेल्या की भांडण आहे का. दुपारी रंगराव शिफ्टवरून आले आणि दारातच थबकले. बायको ओरडतेय, पोरगी खुर्ची वाकडी करतेय, मुलगा लाटण्याशी झुंजतोय. पिंकीनं घाबरत घाबरत सगळं सांगून टाकलं, दोन्ही वेळचं नापास होणंसुद्धा. रंगरावांनी चपला काढल्या आणि खुर्चीची दुसरी बाजू धरली.

सूर्य कलता कलता सुजितचा पाय आपसूक गेला. दुर्गाबाईंनी न सांगता खुर्ची उजवीकडे ओढली, तरी बरोबर डावा पाय गेला. डोळे मिटलेलेच, पण हात ढिला होता. "परत," दुर्गाबाई म्हणाल्या. परत बरोबर.

तो गेल्यावर त्यांचे दिवस कसे गेले ते त्यांनाच ठाऊक. तोफा थांबल्या म्हणे, पण त्यांच्या छातीत थांबल्या नव्हत्या. फोन वाजला की दचकायच्या, नाही वाजला तर जास्तच दचकायच्या.

त्याचा फोन आला एकदाचा. त्या नुकत्या घरी पोचल्या होत्या.

"आई, पास! मी सावरलं, सरांनी हातसुद्धा लावला नाही. सर म्हणाले, असाच राहिलास तर तुला लढाऊ विमानांकडे पाठवू."

रंगरावांनी फोन हिसकावला आणि "शाब्बास वाघा" असं ओरडत पेढे आणायला जिना उतरले. दुर्गाबाई भिंतीला टेकून बसल्या आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागल्या.

पिंकी जवळ बसली. "अगं आई, रडतेस काय? वाचला ना दादा."

"वाचला," दुर्गाबाई म्हणाल्या, "म्हणूनच आता त्याला नेतील गं."