दोन सेकंदांचं फॉरमॅट

डिस्क-दुरुस्तीवाल्याला गल्लीत सगळे डॉक्टर म्हणत. लोकांनी चुकून पुसलेलं तो परत काढून द्यायचा. फॉरमॅट म्हणजे नुसती अनुक्रमणिका फाडणं, आतली पानं शाबूत असतात, असं तो गिऱ्हाइकांना ऐटीत सांगे.

बायको कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची. मुलं घरून आपापल्या खुणा घेऊन येत. ‘आई’ म्हणायला कुणी गालाला बोट लावी, तर कुणी वेणी ओढल्यासारखं करी. नऊ वर्षं ती या खुणांचे व्हिडिओ जमवून कोश रचत होती. एका मोठ्या संस्थेनं तिला त्यासाठी बोलावलं आणि नवरा तिला पाण्यात पाहू लागला.

निघायच्या आदल्या दिवशी ती शाळेत असताना त्यानं तिची डिस्क फॉरमॅट केली. तिला नाक घासायला लावायचं, मग उपकार केल्यासारखं सगळं परत काढून द्यायचं, एवढाच बेत होता.

संध्याकाळी तिनं संगणक उघडला, तर आत काही नाही. त्यानं आपणहून सांगितलं, मीच पुसलं.

“परत हवंय ना? हात जोड.”

सासू दारात उभी राहून बघत होती. सुनेनं हात जोडले.

“जाणार नाही म्हण.”

तिनं तेही म्हटलं.

मग तो बाह्या सरसावून बसला. तासभर शोधलं, पण शून्यांखेरीज काही सापडेना. गेल्याच महिन्यात त्यानं तिची जुनी, फिरत्या तबकडीची डिस्क विकून नवी, चिपवाली बसवली होती. जुनीवर फॉरमॅटनंतरही मजकूर जागच्या जागी राहिला असता. नवीला मात्र फॉरमॅट करतानाच संगणकानं कळवलं होतं, की यातला एकही कप्पा आता वापरात नाही, आतलं टाकून दे. डिस्कनं टाकून दिलं. तशी ओळ पडद्यावर आली होती. वाचायची तसदी त्यानं घेतली नव्हती.

“परत येत नाही,” तो म्हणाला.

“पुसायला किती वेळ लागला?” तिनं विचारलं.

“दोन सेकंद.”

ती उठून आत गेली. संस्थेला तिनं नकार कळवला आणि शाळेत पहिल्यापासून सुरुवात केली. जुनी निम्मी मुलं पांगली होती. एक मुलगी तापानं गेली होती. तिच्या खुणा तिच्या आईलाही धड आठवेनात.

नातेवाइकांत विषय निघाला, की नवरा म्हणतो, “एवढी शिकलेली बाई, कॉपी ठेवायची अक्कल नको?”

सासू मान डोलावते.