कंप्युटरला साल कोण सांगणार?

आमचे बाबा फौजेतून निवृत्त होऊन पलूसला आले, तरी त्यांचं मनगटी घड्याळ अजून पाच मिनिटं पुढंच असतं. परेडला आधी हजर राहायची सवय. घरातला जुना कंप्युटरही ते त्याच घड्याळावर लावायचे. इंटरनेटवरून आपोआप वेळ घ्यायची सोय मी चालू करायचो, ते बंद करायचे. "ज्यानं कवा परेड केली न्हाई, त्यानं मला टाइम सांगायचा व्हय?"

त्या दिवशी संध्याकाळी धाकट्या भावाशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं होतं. तोही फौजेत. दुसऱ्या दिवशी तो वरच्या चौकीवर निघणार होता आणि तिथं नेटवर्क नाही. पुढचे कित्येक महिने त्याचं तोंड दिसणार नव्हतं. मी कुपवाडहून कामावरून आलो, तर आई कंप्युटरसमोर रडवेली बसलेली. इंटरनेट ठणठणीत होतं, पण कॉलचं पान उघडेना.

मला अशा कोड्यांची भारी हौस. हे बघ, ते बघ करता करता तारखेवर नजर गेली. दुपारी वीज गेली होती. वीज नसताना तारीख-वेळ सांभाळणारा आतला बारका सेल संपलेला, त्यामुळं कंप्युटर कितीतरी वर्षं मागं जाऊन बसलेला. बाबांनी मनगटावर बघून तास-मिनिटं चोख लावली होती. त्या घड्याळात साल कुठलं असायला? आणि अशा पानाच्या ओळखपत्राला मुदत असते; साल चुकलं की कंप्युटरला समोरचं पान खरं आहे याची खात्री पटत नाही, तो ते उघडू देत नाही.

मी आपोआप वेळेची सोय चालू केली. बाबा मागंच उभे होते. त्यांनी विचारलं, ही वेळ सांगतं कोण? म्हटलं, लांबचा एक कंप्युटर. "मग उत्तर येईस्तवर येळ फुडं गेली की."

हाच प्रश्न मलाही पूर्वी पडला होता. मी सांगितलं, निरोपाला जायला-यायला किती वेळ लागला ते आपला कंप्युटर मोजतो आणि त्यातला निम्मा उत्तरात मिळवतो. बाबा म्हणाले, बेस हाय. एवढी शाबासकी मला दहावीलाही मिळाली नव्हती.

पान उघडलं. भाऊ लोकरी टोपी घालून वाट बघत होता. सुट्टी न मिळाल्यानं तो बरेच दिवस घरी आला नव्हता. आई म्हणाली, टोपी काढ, पुरतं तोंड बघू दे. थंडीचं निमित्त सांगून त्यानं टाळलं, मग काढली. कानांवरचे केस पांढरे झाले होते. माझ्याहून धाकटा तो.

"कवा रं झालं ह्ये?" आईनं विचारलं. काय माहीत, म्हणून तो हसला आणि टोपी परत घालायला लागला.

"ऱ्हाऊ दे रं अजून थोडं," आई म्हणाली.