ज्याचं त्याचं भांडं

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एका पावसाळ्यात कोल्हापुरात काविळीची साथ आली. मी तेव्हा मुलींच्या शाळेत चौथीच्या वर्गावर होते. आमच्या व्हरांड्यात पाण्याचा एक रांजण होता आणि त्याला साखळीनं बांधलेला एकच पेला. सगळी शाळा त्या पेल्याला तोंड लावायची. डॉक्टर तो बघून गेले आणि मुख्याध्यापिकाबाईंनी लगेच साखळी तोडायला लावली. पाणी उकळून भरायचं, एकीनंच लांब दांड्याच्या ओगराळ्यानं वाढायचं आणि प्रत्येकीनं घरून आपापलं भांडं आणायचं, असा नियम झाला.

झालं! पालकांनी आमचं डोकं खायला सुरुवात केली. ‘आमी पंचगंगंचं पाणी पिऊन वाढलो की, काय झालं?’ असं एक गृहस्थ छाती पुढं काढून विचारून गेले. एका आईनं तर लग्नात आलेला, नाव घातलेला पेला द्यायला चक्क नकार दिला. हरवला तर शाळा भरून देणार का म्हणे. म्हणजे पोरीला कावीळ झाली तर चालेल, पेला जाता कामा नये! माझा पारा चढायचा, मी चांगली भांडायचे आणि दुसऱ्या दिवशी भांडं यायचं.

एका वडिलांशी मात्र भांडता येईना. ते गिरणीत कामाला होते, मूळचे मुरगूडकडच्या एका खेड्यातले. त्यांची मुलगी माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार, पण नियम झाल्यापासून शाळेत आलीच नव्हती. एका मधल्या सुट्टीत तेच आले.

‘बाई, माज्या पोरीचं भांडं येगळं कशापायी?’

‘अहो, सगळ्यांचंच वेगळं आहे. साथ आलीय ना.’

‘गावाकडं बी काय ना काय कारण सांगायचेच की. माजं भांडं येगळं ठेवायचे, म्हणून मी शाळा सोडली. तिलाबी तसंच करणार असला, तर बसू दे ती घरात.’

एकदा घरी बसलेली मुलगी पुन्हा शाळेत आलेली मी क्वचितच पाहिली होती. म्हटलं, चला, तुमच्या डोळ्यांनीच बघा. व्हरांड्यात सगळ्यांची भांडी होती, माझंही होतं. पण त्यांचं लक्ष भांड्यांकडं गेलंच नाही. एका व्यापाऱ्याची मुलगी ओगराळं उंच धरून पाणी घालत होती. ते बघून त्यांचा चेहरा उतरला.

‘असंच वरनं घालायचे,’ एवढंच ते म्हणाले.

आता जंतूंबद्दल कितीही सांगितलं तरी उपयोग नव्हता. मला फार वाईट वाटलं. ‘उद्या तिला पाठवा,’ मी म्हटलं. ‘उद्यापासून पाणी तीच वाढेल. आणि पहिलं माझ्या भांड्यात.’

ते तसेच वळून निघून गेले. पण दुसऱ्या दिवशी मुलगी आली, आणि मधल्या सुट्टीत वडीलही खांबाशी येऊन उभे राहिले. मुलगी रांजणापाशी ओगराळं घट्ट धरून होती. मी भांडं पुढं केलं. माझ्यामागून सगळ्या मुली आल्या. त्या व्यापाऱ्याच्या मुलीनं तर पाणी पिऊन पुन्हा भांडं पुढं केलं. ‘अजून घाल की गं,’ म्हणाली.

वडील बराच वेळ बघत होते. मग स्वतःच पुढं झाले. ‘मला बी दे की पाणी,’ म्हणत वाकले आणि त्यांनी ओंजळ धरली. मुद्दाम नाही, हात आपोआपच जुळले. मुलीनं ओगराळं मागं घेतलं.

‘ओंजळ न्हाय चालत, बाबा. साथ हाय. भांडं आणायचं.’

सगळी रांग खिदळली. ते आपल्या रिकाम्या ओंजळीकडं बघत राहिले, आणि मग इतक्या मोठ्यानं हसले की शेजारच्या वर्गातल्या बाई बाहेर आल्या. हसता हसता ते डोळे पुसत होते. मलाही रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी रात्रपाळी संपवून ते तिला शाळेत सोडायला आले, ते दोन भांडी घेऊन.